एकाच वेळी चौघे बोलतात तेव्हा

'ला दॉन्ना ए मोबिले' हे नाव ओळखीचं वाटलं नाही तरी ती चाल तुम्ही बहुधा ऐकलेली आहे. पास्त्याच्या जाहिरातीत, हॉटेलच्या लॉबीत, कुणाच्या तरी मोबाइलच्या रिंगटोनमध्ये. हलकी, झुलती, तिनाच्या ठेक्यावर नाचणारी चाल. एकदा कानात शिरली की दिवसभर पाठ सोडत नाही. गाणारा म्हणत असतो, बाईची जात चंचल, वाऱ्यावरच्या पिसासारखी. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो.

ही चाल ज्या ऑपेरातली आहे, त्या 'रिगोलेत्तो'च्या शेवटच्या प्रवेशात ती पुन्हा ऐकू येते. गाणारा तोच, सूर तेच, शब्दही तेच. आणि थिएटरात बसलेल्या माणसाच्या अंगावर सर्रकन काटा येतो. एकही सूर न बदलता हे कसं घडतं? ऑपेराबद्दल कुतूहल आहे पण शिरावं कुठून ते कळत नाही, असं म्हणणाऱ्या मित्रांना मी नेहमी याच दारातून आत नेतो.

मराठी माणसाला हे दार अर्धं उघडंच मिळालेलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून पात्र बोलता बोलता गाऊ लागतं यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. पण आपल्याकडे गद्य थांबतं आणि पद सुरू होतं. ऑपेरात बहुतेक वेळा गद्य नसतंच. 'दार लावून घे', 'कोण आलंय?', 'पैसे किती घेशील?' हेसुद्धा गाऊनच विचारलं जातं. नव्या श्रोत्याला आधी खटकतं ते हेच. अशा वेळी किर्लोस्करी नाटकातल्या साक्या आणि दिंड्या आठवाव्यात. साध्या चालीत, शब्दांना पुढे ठेवून त्या गोष्ट सरकवतात. पद आलं की गोष्ट थांबते आणि मन बोलू लागतं. ऑपेरात साकी-दिंडीचं काम करणाऱ्या भागाला रेसिटेटिव्ह म्हणतात आणि पदाच्या जागी येते ती आरिया. रेसिटेटिव्हमध्ये घड्याळ चालू असतं, आरियात ते थांबतं. एवढं ध्यानात ठेवलं तरी 'एकच ओळ हा माणूस पाच वेळा का म्हणतोय?' हा प्रश्न सुटतो. माणूस एखाद्या भावनेत अडकला की मनातल्या मनात तेच तेच म्हणत राहतो. आरिया त्या अडकलेल्या क्षणाच्या आत शिरते.

आपल्या कानाला आणखी एक सवय मोडावी लागते. तंबोरा लागला की आपला सा ठरतो आणि सगळं गाणं त्या सा ला धरून बसतं. ऑपेरात सा स्वतःच जागा सोडतो. पात्राच्या मनात काही पालटलं की वाद्यवृंद गाण्याच्या मध्येच पट्टी बदलतो, आणि पायाखालची सतरंजी कुणीतरी हलकेच ओढल्यासारखं वाटतं. सुरुवातीला यामुळे अस्वस्थ व्हायला होतं. ती अस्वस्थता हवीच असते, नाटकाचा मोठा भाग तिच्यातच घडतो. शिवाय गायकाला आपल्यासारखी मोकळीक नाही. एखादं पद बालगंधर्व खुलवत नेत, वन्समोअर घेत, दर वेळी नव्या जागा दाखवत. इथे बहुतेक प्रत्येक सूर रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेला असतो. गायकाचं कसब दिसतं ते त्या लिहिलेल्या सुरात तो पात्राचा जीव किती ओततो यावर.

आता थोडं मागे, फ्लॉरेन्सला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे काउंट जोव्हान्नी बार्दी यांच्या घरी कवी, गायक, विद्वान जमत. प्राचीन ग्रीक शोकांतिका प्रेक्षकांना एवढं हलवून सोडत त्या कशाने, हा त्यांच्या चर्चेचा विषय. ती नाटकं गायली जात असावीत, असं त्यांचं अनुमान. या मंडळींत विन्चेन्झो गालिलेई होते, दुर्बीण आकाशाकडे वळवणाऱ्या गॅलिलिओचे वडील. त्या काळच्या गाण्यात चार-पाच गायक एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गात आणि शब्द एकमेकांत मिसळून जात. विन्चेन्झोंना हे मान्य नव्हतं. शब्दच कळला नाही तर भावना कशी पोचणार? एका वेळी एकाच आवाजाने, स्पष्ट, बोलल्यासारखं गावं, असा त्यांचा आग्रह. १५८१ साली छापलेल्या संवादरूपी ग्रंथात त्यांनी हा वाद मांडला.

याच विचारातून ऑपेरा निघाला. याकोपो पेरी यांचं 'एउरिदिचे' १६०० साली फ्लॉरेन्समध्ये, मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नसोहळ्यात झालं. १६०७ साली मांतुआच्या दरबारात क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी यांचा 'ओर्फेओ' आला, आणि तो आजही जगभर आवडीने सादर होतो. १६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो हे थिएटर तिकीट काढणाऱ्या कुणालाही खुलं झालं आणि राजवाड्यातली ही कला बाजारपेठेत आली. पण जन्माच्या वेळचा तो नियम लक्षात राहू द्या: एका वेळी एकानेच बोलायचं. तो मोडला गेला, आणि माझ्या मते ऑपेराला स्वतःचं खरं बळ तिथेच सापडलं.

त्याआधी आवाजाबद्दल बोललंच पाहिजे, कारण बरेच श्रोते पहिल्या पाच मिनिटांत 'हे लोक ओरडतात का?' असं म्हणून उठतात. ऑपेराचा गायक माइकशिवाय गातो. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा, पलीकडे दोन-तीन हजार प्रेक्षक, आणि मधे फक्त एक गळा. वाद्यवृंदावर ताण देऊन ओरडण्यात अर्थ नाही, वाद्यवृंदच जिंकणार. म्हणून गायक वेगळी वाट काढतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने ती मोजून दाखवली. वाद्यवृंदाच्या नादाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर जाताना तो कमी होत जातो. कसलेला गायक, विशेषतः पुरुष गायक, स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशा रीतीने घडवतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक लखलखीत झळाळी येते. तिथे वाद्यं क्षीण असतात आणि आपला कान तीक्ष्ण. आवाज वाद्यांच्या भिंतीवरून उडी मारत नाही, तिच्यातल्या फटीतून बाहेर येतो. स्त्रियांच्या तार सप्तकातल्या सुरांना ही युक्ती फारशी लागत नाही, कारण ते सूर मुळातच कानाला चटकन पकडता येतील इतके वरचे असतात.

आवाजातला तो सततचा कंप मात्र आपल्याला सवयीनेच रुचतो. सूर स्थिर लावणं ही आपल्याकडे साधना, म्हणून तो कंप आधी दोषासारखा वाटतो. मला त्याची गोडी लागायला बरेच महिने गेले. मदत झाली ती एका विचाराची: माइक येण्याआधी आपले नटही असंच सगळं थिएटर गळ्याने भरत होते. गिरगावातल्या ज्या रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झालं, तिथे बालगंधर्वांचाही आवाज घुमला आहे. १९९३ साली बंद पडलेलं ते थिएटर २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, तेव्हा तिथे मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या.

सोप्रानो म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच आवाज. त्याखाली मेझो आणि कॉन्ट्राल्टो. पुरुषांत टेनर वरचा, बॅरिटोन मधला, बास खर्जातला. ढोबळमानाने टेनर प्रेमात पडतो, सोप्रानो त्याच्यासाठी झुरते, बॅरिटोन बाप असतो किंवा आड येणारा, आणि बास राजा, पुरोहित किंवा खुनी. अपवाद पुष्कळ आहेत. मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधला किशोरवयीन केरुबिनो बाई गाते. बालगंधर्वांची भामिनी मनोमन पाहिलेल्या आपल्याला त्यात नवल वाटू नये.

मोझार्टचा हा ऑपेरा १७८६ साली व्हिएन्नात झाला आणि विन्चेन्झो गालिलेईंचा नियम त्यात कायमचा मागे पडला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा-बायकोचं भांडण सुरू होतं. मग दासी येते, मग तिचा होणारा नवरा, मग दारूच्या तारेत माळी. माळी जातो तोच आणखी तिघे येऊन धडकतात आणि अखेर सात जण एकाच वेळी गाऊ लागतात. वीसेक मिनिटं संगीत थांबत नाही. सगळे एकदम बोलतात, तरी गोंधळ होत नाही. बोलत्या नाटकात सात जण एकदम बोलले तर नुसता कालवा ऐकू येईल. सुरांत मात्र सात मनं एकाच चौकटीत बसतात, कारण चाली वेगळ्या असल्या तरी त्यांच्या खालची हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, एकच असते.

आता 'रिगोलेत्तो'. रचनाकार ज्युझेप्पे व्हेर्दी, संहिता लिहिणारे फ्रांचेस्को मारिया पियावे, पहिला प्रयोग ११ मार्च १८५१, व्हेनिसचं ला फेनिचे थिएटर. मूळ गोष्ट व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकातली. लंपट राजा आणि त्याचा कुबडा विदूषक. ते नाटक पॅरिसमध्ये १८३२ साली एका प्रयोगानंतर बंद पाडलं होतं. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य. तिथल्या सेन्सॉरनेही ऑपेरा अडवला. राजा रंगमंचावर इतका हलकट दाखवायचा? शेवटी फ्रान्सचा राजा मांतुआचा ड्यूक झाला, नावं बदलली, पण व्हेर्दींनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत: विदूषकाचं कुबड आणि शेवटी रंगमंचावर येणारं पोतं. ती दोन्ही हवीतच, यावर ते अडून बसले. ते बरोबरच होते.

रिगोलेत्तो दरबारात ड्यूकच्या भानगडींवर विनोद करून पोट भरतो. ज्यांच्या बायका-मुली ड्यूकने नासवल्या, त्यांनाच तो टोमणे मारतो. मोंतेरोने नावाचा म्हातारा सरदार आपल्या मुलीसाठी जाब विचारायला येतो, रिगोलेत्तो त्याची नक्कल करतो, आणि म्हातारा त्याला शाप देतो. बापाच्या दुःखाला हसणाऱ्या, तुला शाप आहे! रिगोलेत्तो हादरतो, कारण त्यालाही एक मुलगी आहे. जिल्दा. तिला त्याने जगापासून लपवून ठेवलं आहे, इतकं की त्याचं नावही तिला माहीत नाही.

हा शाप तुम्हाला पडदा उघडण्याआधीच ऐकू येतो. सुरुवातीच्या वाद्यसंगीतात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकाच सुरावर पुन्हा पुन्हा ठोके देतात. नंतर घरी जाताना रिगोलेत्तो 'त्या म्हाताऱ्याने मला शाप दिला' असं पुटपुटतो तेव्हा तोच सूर. त्याला वाटेत स्पाराफुचिले नावाचा मारेकरी भेटतो, पैसे घेऊन खून करणारा. दोघं दबक्या आवाजात बोलतात आणि खाली एकटा चेलो आणि एकटा डबल बास काळोखात पाय टाकल्यासारखे वाजत राहतात. तो गेल्यावर रिगोलेत्तो म्हणतो, आम्ही दोघं सारखेच: त्याच्याकडे खंजीर, माझ्याकडे जीभ. एका वाक्यात माणूस उघडा पडतो.

व्हेर्दींची दोन्ही मुलं, एक मुलगी आणि एक मुलगा, १८३८ आणि १८३९ साली तान्ह्या वयातच गेली. १८४० मध्ये पत्नीही गेली. त्यांच्या कितीतरी ऑपेरांत बाप आणि मुलीचे प्रवेश सर्वांत जिव्हाळ्याचे आहेत, 'सिमोन बोक्कानेग्रा'मध्ये, 'आयडा'मध्येही. कारण-परिणाम जोडण्याची घाई मी करणार नाही. पण रिगोलेत्तो जिल्दाशी बोलतो तेव्हा विदूषकाचा कर्कश सूर जाऊन जो आवाज येतो, तो ऐकून गप्प बसावं लागतं.

ड्यूक गरीब विद्यार्थी असल्याचं भासवून जिल्दाला प्रेमात पाडतो. दरबारी तिला पळवतात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला रिगोलेत्तो फसून, त्याच कामात त्यांची शिडी धरतो. मग तो सूड घ्यायचं ठरवतो. स्पाराफुचिलेला अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर. ड्यूक कसा आहे ते जिल्दाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून तो तिला रात्री नदीकाठच्या खानावळीबाहेर आणतो.

इथे ती चौकडी येते, म्हणजे चौघांनी एकाच वेळी गायलेलं गाणं. भिंतीच्या आत ड्यूक आणि मारेकऱ्याची बहीण मादालेना. बाहेर भेगेतून पाहणारे जिल्दा आणि रिगोलेत्तो. ड्यूकची चाल लांब, मधाळ, ऐटबाज. खरं सांगायचं तर ती सुंदर आहे, आणि व्हेर्दींनी ती मुद्दाम सुंदर ठेवली, कारण खोटारडा माणूस मोहक नसता तर मुली फसल्या नसत्या. मादालेना तुटक, भरभर सुरांत खुदखुदते: असल्या थापा मी खूप ऐकल्यात. जिल्दाचे सूर हुंदक्यासारखे तुटत खाली येतात. आणि तळाशी रिगोलेत्तो, जवळजवळ एकाच जागी थबकलेला: रडू नको, मी बघून घेतो. लाडीगोडी, थट्टा, काळीज फाटणं आणि सूड, सगळं त्याच चार मिनिटांत, त्याच सुरमेळात. आपल्या नाटकावरून ऑपेरा केला म्हणून ह्यूगो आधी चिडला होता. चौकडी ऐकल्यावर मात्र, चार पात्रांना एकाच वेळी बोलायला लावून प्रेक्षकांपर्यंत सगळं पोचवणं मला नाटकात जमलं तर, अशी हळहळ त्याने व्यक्त केली, असं सांगतात.

ही चौकडी चार वेळा ऐका, ही माझी कळकळीची विनंती. यूट्यूबवर भरपूर ध्वनिमुद्रणं आहेत. पहिल्यांदा फक्त ड्यूकच्या मागे जा, ते सर्वांत सोपं. दुसऱ्यांदा मादालेनाचं हसू पकडा. तिसऱ्यांदा जिल्दा, आणि चौथ्यांदा तळाचा बाप. पाचव्या वेळी सगळे आपोआप एकत्र ऐकू येतील, आणि कानाला एक नवी खोली मिळाल्यासारखं वाटेल. गोष्ट आधी वाचून जाण्यात संकोच नको. सुभद्रेचं लग्न शेवटी कुणाशी होतं हे 'सौभद्र' पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतंच. भाषेचा बाऊही फार राहिलेला नाही: १९८३ साली टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि ती सोय जगभर पसरली. रिगोलेत्तोनंतर बिझेचा 'कार्मेन' घ्या, पुच्चिनीचा 'ला बोएम' घ्या. वाग्नरची चार रात्रींत मिळून सुमारे पंधरा तासांची 'रिंग' नंतर कधीतरी, दम आल्यावर.

वाटेत एक गोष्ट जाणवेल. या ऑपेरांत स्त्रिया फार मरतात. कार्मेन भोसकली जाते, 'ला बोएम'मधली मिमी आणि 'ला त्राव्हियाता'तली व्हिओलेत्ता क्षयाने जातात, 'मादामा बटरफ्लाय'मधली चो-चो-सान स्वतःला संपवते. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. पण सूर कुणाच्या बाजूने आहेत तेही ऐकावं. ज्या समाजाने त्यांना मारलं, त्याला क्वचितच एवढी खरी चाल मिळते जेवढी त्या मरणाऱ्या बाईला मिळते.

जिल्दाचंही तेच. वादळ उठतं; पडद्यामागे पुरुषांचा समूह तोंड मिटून गुणगुणतो आणि तो वारा होतो. खानावळीत ड्यूक झोपायला जाताना तेच 'चंचल बाई'चं गाणं गुणगुणतो आणि पेंगत मध्येच सोडतो. मादालेनाला आता त्याला मारावंसं वाटत नाही. भाऊ म्हणतो, मध्यरात्रीआधी दुसरा कुणी दारात आला तर त्याला मारून पोत्यात भरतो. बाहेर पुरुषवेशात उभ्या असलेल्या जिल्दाने हे ऐकलेलं असतं. ड्यूकने आपल्याला फसवलं हे तिने नुकतंच पाहिलंय. तरी ती दार वाजवते.

व्हेर्दींनी म्हणे 'चंचल बाई'चं हे गाणं टेनरला अगदी शेवटी दिलं, कारण आधी फुटलं असतं तर सगळं व्हेनिस ते गुणगुणत बसलं असतं. चाल इतकी सोपी का केली, याचं उत्तर या प्रवेशात आहे. अंधारात, दुरून, पहिल्या चार सुरांत ती ओळखू यायला हवी. आपल्याला आणि रिगोलेत्तोला एकाच क्षणी.

वादळ सरतं. रिगोलेत्तो उरलेले पैसे देतो आणि पोतं ताब्यात घेतो. आत ड्यूक आहे, जगाचा मालक आता माझ्या पायाशी आहे, असं म्हणत तो त्यावर पाय ठेवतो. ते नदीकडे ओढत नेणार, एवढ्यात लांबून एक निश्चिंत आवाज येतो. बाईची जात चंचल, वाऱ्यावरच्या पिसासारखी. गाणारा कुणाकडेही न बघता निघून जातो, आवाज दूर दूर जात शेवटच्या उंच सुरावर विरतो. त्याला काय घडलं ते कधीच कळत नाही. रिगोलेत्तो पोत्याजवळ बसतो आणि ते फाडायला लागतो.